मंडई (झाडीपट्टी)

मंडई : पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. गोंदिया, भंडारा व गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून झाडीपट्टी होते. तेथे ही परंपरा रुजली आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव आदी तालुक्यांत मंडई भरते.

काळ : भाऊबीजेच्या सुमारास मंडयांना सुरुवात होते. शेजारच्या गावाची तारीख टाळून प्रत्येक गाव आपला दिवस ठरवते. त्यामुळे पंचक्रोशीत आठवडेच्या आठवडे कुठे ना कुठे मंडई असते. लेकी-जावई, सोयरेधायरे पाहुणे येतात आणि सोयरिकीच्या बोलण्यांनाही सुरुवात होते.

जागेचा वापर : मंडईसाठी कायमची इमारत नसते. एरवी रहदारीचा असलेला चौक त्या दिवशी दंडार या लोकनाट्याचा रंगमंच होतो. पडदा वा नेपथ्य नसते, प्रेक्षक भोवती दाटी करून उभे राहतात. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करत आले. गुरे जमतात त्या आखरावर आणि रस्त्याच्या कडेला मिठाई, बांगड्या, खेळण्यांची दुकाने लागतात. कापणी झालेल्या बांधीत (भातखाचरात) बांबू, ताडपत्री व कापड लावून नाटकाचा मंडप उभारतात. प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो आणि जमीन पुन्हा शेतकऱ्याची होते.

शंकरपट : बैलगाड्यांच्या शर्यतींसाठीही मोकळ्या शेतात धावपट्टी आखली जाते. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोड अनेक गावांत होती. 7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. 18 मे 2023 च्या निकालाने शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरला.

प्रसार व महत्त्व : वडसा (देसाईगंज) हे नाटकमंडळ्यांचे मुख्य केंद्र आहे. झाडीपट्टी रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. सार्वजनिक जागा आराखड्यावर नव्हे, गावकऱ्यांच्या संमतीवर उभी राहते, हे मंडई दाखवते. दाट वस्तीच्या शहरांत पदपथावरचा बाजार आणि रस्त्यावरचा गणेशमंडपही याच रीतीने उभे राहतात. मात्र तेथे परवानगी आणि रहदारीचा प्रश्न सतत उभा असतो. मंडईचे जतन करायचे तर गावाचा चौक, आखर आणि मोकळी जमीन अतिक्रमणापासून राखणे ही पहिली गरज आहे.