किंमत एकदाची, खर्च रोजचा : जुन्या जपानी गाडीचा हिशेब

आमच्या मारेगावात कोणी जुनी गाडी आणली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कितीला बसली?" दुसरा प्रश्न : "अ‍ॅव्हरेज किती देते?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळे अभिमानाने देतात. दुसऱ्याचे उत्तर देताना आवाज थोडा खाली येतो. मला मात्र दुसरा प्रश्नच मोठा वाटतो. जपानच्या वेगवान गाड्यांचा इतिहासही त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

हा विषय निघाला एका माजी विद्यार्थ्यामुळे. तो वणीला खासगी नोकरी करतो. त्याला जुनी होंडा सिटी व्हीटेक घ्यायची आहे. निम्मे पैसे घरच्या कापसाचे, उरलेले कर्जाचे. "सर, पळायला तिच्यासारखी दुसरी नाही," असे तो म्हणतो. ते खरेही आहे. पण कापसाच्या पैशाची वाट पुढच्या हंगामाचे बियाणे आणि खतही पाहत असते, हेही तितकेच खरे. म्हणून त्याला जे सांगितले, ते इथे सविस्तर लिहितो.

सुरुवात जपानपासून करू. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पेट्रोलची टंचाई होती. १९४६ मध्ये सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस यंत्रांसाठी बनवलेली छोटी इंजिने मिळवली आणि ती सायकलींना बसवून विकली. १९४८ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. १९६३ मध्ये त्यांनी एस ५०० ही स्पोर्ट्स कार आणली. तिचे इंजिन फक्त ५३१ सीसीचे होते. जपानमध्ये गाडीवरचा कर इंजिनाच्या आकारानुसार वाढत असे. त्यामुळे लहान इंजिनातून जास्त ताकद काढणे हे तिथल्या इंजिनिअरांचे कामच होऊन बसले.

सगळ्यांनाच हा मेळ जमला नाही. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने १९६७ मध्ये रोटरी इंजिनाची कॉस्मो स्पोर्ट आणली. हे इंजिन हलके, गुळगुळीत आणि वेगवान होते, पण पेट्रोल फार प्यायचे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, भाव कडाडले आणि अमेरिकेत माझदाच्या रोटरी गाड्यांचा खप कोसळला. कंपनी बुडण्याच्या बेतात आली आणि बँकेच्या आधाराने सावरली. पुढे १९७८ मध्ये तिने आरएक्स-७ ही नावाजलेली स्पोर्ट्स कार काढली. पण अ‍ॅव्हरेज एका मोठ्या कारखान्यालाही जमिनीवर आणू शकते, हे तेव्हा जगाने पाहिले.

होंडाने दुसरी वाट धरली. १९८९ मध्ये इंटेग्रा या गाडीत व्हीटेक इंजिन आले. सुमारे १६०० सीसीमधून १६० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे शंभर. त्याची युक्ती अशी : इंजिन हळू फिरत असताना वाल्व्ह थोडे उघडतात आणि पेट्रोल वाचते. फेरे वाढले, की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, वाल्व्ह जास्त उघडतात आणि गाडी झेपावते. इथे ऑइलचा दाब हा शब्द लक्षात ठेवा. ज्या मालकाने वर्षानुवर्षे ऑइल बदलले नाही, त्याच्या गाडीवर व्हीटेकची अक्षरे असतील, पण व्हीटेकचा जोर असेलच असे नाही.

आपल्याकडे जपानी गाडी आली ती वेगासाठी नव्हे, काटकसरीसाठी. अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात, डिसेंबर १९८३ मध्ये, सुझुकीच्या तंत्रावरची ७९६ सीसीची मारुती ८०० रस्त्यावर आली. १९९३ मध्ये मोटारगाड्यांच्या उत्पादनावरचा परवाना संपला आणि परदेशी कंपन्यांची रांग लागली. १९९८ मध्ये होंडा सिटी आली, २००० मध्ये तिची १.५ लिटरची व्हीटेक आवृत्ती. सुमारे १०६ अश्वशक्ती आणि हलके अंग. कागदोपत्री ती घरगुती सेडान होती, पण हौशी तरुणांनी तिलाच आपली स्पोर्ट्स कार मानले.

खरी जपानी स्पोर्ट्स कार मग जुनी म्हणून का मिळत नाही? जपानमध्ये गाडी जुनी होत गेली, की सक्तीच्या तपासणीचा खर्च अंगावर येतो. म्हणून तिथल्या गाड्या मोठ्या संख्येने परदेशी जातात. पाकिस्तान, श्रीलंका, केनिया इथे त्या सर्रास दिसतात. भारताने मात्र २००१ मध्ये नियम घातला, की आयात होणारी जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी. वर भरमसाट जकात. आखातात स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे दुबईच्या मामांची गाडी स्वस्तात आणू, हा आपल्या घरांतला बेतही तिथेच थांबतो. उरते ती इथेच बनलेली जुनी गाडी.

आता आकडे मांडू. हे आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही आपले घाला. गाडी दोन लाखांना घेतली, वर्षाला १०,००० किलोमीटर चालवली, लिटरला १२ चा अ‍ॅव्हरेज मिळाला आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर वर्षाचे पेट्रोल ८७,५०० रुपयांचे. लिटरला २० देणाऱ्या लहान गाडीला ५२,५०० रुपये लागतात. फरक ३५,००० रुपये. पाच वर्षांत नुसते पेट्रोल ४,३७,५०० रुपयांचे, म्हणजे गाडीच्या किमतीच्या दुपटीहून अधिक.

त्यात इथेनॉल आले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे, की साध्या पेट्रोलसाठी बनवून दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचा अ‍ॅव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्के घटतो. १२ चा ११.२ झाला, तरी वर्षाला आणखी ६,२५० रुपये गेले. जुने रबरी पाइप आणि सील यांनाही इथेनॉल मानवत नाही, ते वेगळे.

कागदांचाही खर्च आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये कारसाठीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील कारसाठी १०,००० रुपये. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. तपासणीत गाडी नापास झाली, तर दुरुस्ती करून पुन्हा यवतमाळची फेरी. शिवाय टायमिंग बेल्ट आहेच. तो कधी बदलला हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर बदललाच नाही असे धरावे. चालत्या गाडीत तो तुटला, तर वाल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावे लागते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. या व्यवहारातले आपले शब्द पाहा : किंमत, रक्कम, दलाल, कर्ज, हिशेब. सगळे अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. हप्ता फारसी, मूळ अर्थ आठवडा. किफायत हा शब्दही अरबी. आज आपण तो 'स्वस्त' अशा अर्थाने वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ 'पुरेसे असणे'. स्वस्तात मिळालेली गाडी किफायतशीर असेलच असे नाही. जिचा रोजचा खर्च आपल्या कमाईला पुरवता येतो, ती किफायतशीर.

म्हणून त्या मुलाला मी नाही म्हटलेले नाही. एवढेच सांगितले, की ओळखीचा मिस्त्री सोबत ने, इंजिन थंड असताना सुरू करून बघ, ऑइल बघ, आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर ताडून बघ, जुन्या कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहा. नाव लगेच बदलून घे. किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेव. ती ठेवता येत नसेल, तर गाडीचे बजेट खाली आण. आणि बियाण्याच्या पैशाला हात लावू नकोस. रात्री-अपरात्री वडिलांना नागपूरला न्यायची वेळ आली, तर अंगणातली गाडी पहिल्या चावीला सुरू झाली पाहिजे आणि टाकीत पेट्रोल असले पाहिजे. तेवढे जमत असेल, तर व्हीटेक खुशाल घे.