केवडा
७. केवडा : येथे सुवासिक फूल अभिप्रेत नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून पानभर जाळी उमटते, त्या विषाणूजन्य रोगाला शेतकरी ‘केवडा’ म्हणतात. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ साली झाली. तो बियाण्यातून येत नाही. पांढरी माशी पसरवते. रोगट पानाचा रस शोषताना विषाणू तिच्या आतड्यात, तिथून रक्तात व शेवटी लाळेत उतरतो. मग ती बहुधा मरेपर्यंत रोग वाहते. याउलट पपईचा रिंगस्पॉट विषाणू माव्याच्या सोंडेला नुसता चिकटतो आणि क्षणभराच्या टोचणीतही पसरतो. झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. रोगट झाड उपटावे, माशी आवरावी, ‘परभणी क्रांती’सारखा प्रतिकारक वाण लावावा, एवढेच हाती उरते. — संपा.