खाऱ्या हवेतला जाम ब्रेक
रत्नागिरीत मोटारसायकलचा ब्रेक जाम झाला की पहिला दोष समुद्राला दिला जातो. वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बारमाही खारा वारा असल्यावर दुसरे कारण शोधावेसेही वाटत नाही. पण गेल्या चार दशकांत इथल्या रस्त्यांवरच्या गाड्या कशा बदलल्या हे पाहिले की हे उत्तर अपुरे ठरते. हवा तीच राहिली, ब्रेक बदलला, आणि जुन्या ब्रेकचा इलाज नव्यालाही करण्याची सवय मागे उरली. माझ्या मते दुखण्याचा मोठा भाग या सवयीत आहे.

राजदूत, येझदी आणि 1985 साली आलेली हिरो होंडा सीडी 100 या साऱ्या ड्रम ब्रेकच्या गाड्या. ड्रममध्ये कॅम फिरला की शू फाकतात आणि स्प्रिंग त्यांना मागे ओढते. चाकरमान्याची गाडी पावसाळाभर पडवीत उभी राहिली की कॅमच्या दांड्याला गंज चढतो, स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो आणि शू ड्रमला टेकलेलेच राहतात. चाक उतरवायचे, दांडा पॉलिश पेपरने घासायचा, बेताचे ग्रीस लावायचे, रॉडचा नट सैल करून थोडा प्ले ठेवायचा. इथे समुद्राला दोष देणे बऱ्याच अंशी खरेच होते, आणि बिघाड डोळ्यांना दिसतही होता.

1999 मध्ये हिरो होंडा सीबीझेड पुढच्या डिस्कसह बाजारात आली, पुढे पल्सरसारख्या गाड्यांनी डिस्क गावोगाव नेली. डिस्कच्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंगच नसते. ब्रेक दाबताना रबरी सील किंचित पिळते, आणि सोडल्यावर तिचा पीळ सुटताना पिस्टन केसभर मागे येतो. या सीलला ग्रीस किंवा इंजिन ऑईल लागले तर रबर फुगते आणि पिस्टन आवळला जातो. ड्रमला जे औषध लागू पडले तेच इथे रोग होते. शिवाय ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. ते वर्षानुवर्षे बदलले नाही तर आतून गंज धरतो. त्यात खाऱ्या वाऱ्याचा हात नाही, हा दोष पुण्यातही होतो. म्हणून आता आधी अडकले कुठे ते शोधावे लागते. पुढचे चाक उचलून फिरवायचे. जड असेल तर कॅलिपरचा ब्लीडर जरा सैल करायचा. तेल उडून चाक मोकळे झाले, तर दाब वरच अडकला आहे: मास्टर सिलिंडरचे बारीक छिद्र बुजले असेल, होज आतून फुगला असेल किंवा लिव्हरला प्लेच नसेल. तरीही मोकळे झाले नाही, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना धरल्या आहेत. पिनांना ग्रीस लागतेच, पण रबराला चालणारे.

मग कोकणाला ड्रमच बरा होता, असे कोणी म्हणेल. दुरुस्तीपुरते ते पटते. पण आंबा घाट उतरताना ड्रम तापून ढिला पडतो आणि पाणी शिरले की पकड सोडतो. डिस्क फिरता फिरता पाणी झटकते. शिवाय ड्रमही आता पूर्वीसारखा एकटा राहिलेला नाही. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान जोडब्रेक सक्तीचा झाला. जोडब्रेकच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो, त्यामुळे मधली केबल परत आली नाही तर मागच्या पेडलमुळे पुढचे चाक धरून राहते. अशा गाडीचा पुढचा ड्रम उघडून घासत बसण्याआधी ती केबल सोडवून पाहावी.