नभोवाणीवरचा निनावी सरकारी वकील

अमेरिकेत ‘डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी’ हे पद बहुतेक ठिकाणी निवडणुकीने भरले जाते. आपल्याकडील सरकारी वकील नियुक्त असतो. तेथील वकिलाला मात्र खटल्यांबरोबर मतेही जिंकावी लागतात. ‘मिस्टर डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी’ या नभोनाट्यमालिकेचा जन्म या व्यवस्थेतूनच झाला.

न्यूयॉर्कमध्ये १९३५ साली विशेष सरकारी वकील नेमलेल्या टॉमस ड्युई यांनी संघटित गुन्हेगारीविरुद्ध आघाडी उघडली. १९३६ मध्ये त्यांनी लकी लुसियानो या टोळीप्रमुखाला वेश्याव्यवसायाच्या खटल्यात ३० ते ५० वर्षांची शिक्षा मिळवून दिली. वृत्तपत्रांनी ड्युई यांना नायक केले आणि ३ एप्रिल १९३९ रोजी एनबीसीवर त्या नायकाचा नाट्यावतार अवतरला. प्रारंभी पंधरा मिनिटांची असलेली ही मालिका लवकरच अर्ध्या तासाची साप्ताहिक झाली. सूत्रधार एड बायरन हे कायद्याचे माजी विद्यार्थी. ताज्या बातम्यांतून ते कथानके वेचीत.

जे जॉस्टिन यांनी १९४० पासून बारा वर्षे ही भूमिका केली. एवढ्या काळात श्रोत्यांना नायकाचे नाव कळलेच नाही. चिटणीस मिस मिलर (व्हिकी व्होला) आणि तपासनीस हॅरिंग्टन (लेन डॉयल) त्याला नुसते ‘चीफ’ वा ‘बॉस’ म्हणत. माणसापेक्षा पद मोठे, हा संकेत त्यातून आपोआप ठसे. १९५२ नंतरच्या झिव्ह कंपनीच्या आवृत्तीत डेव्हिड ब्रायन यांच्या पात्राला ‘पॉल गॅरेट’ हे नाव मिळाले, आणि ती जादू काहीशी ओसरली.

प्रत्येक भागाच्या आरंभी नायक प्रतिज्ञा करी: आरोपींवर कायद्याच्या मर्यादेपर्यंत खटले चालवीन आणि नागरिकांच्या हक्कांचेही तितक्याच जोमाने रक्षण करीन. पहिले कलम दर आठवड्याला पाळले जाई. दुसऱ्याच्या वाट्याला अर्ध्या तासात फारसे काही येत नसे, कारण गुन्हेगार कोण हे श्रोत्याला बहुधा आधीच ठाऊक असे. आरोपीला चौकशीपूर्वी मौनाचा व वकिलाचा हक्क सांगण्याचे बंधन मिरांडा खटल्याच्या निकालाने घातले ते १९६६ साली. तोवर मालिका इतिहासजमा झाली होती.

प्रत्यक्षातला शेवटही नाट्यासारखा सरळ नव्हता. ड्युई पुढे न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले, आणि युद्धकाळातील सहकार्याचा हवाला देत त्यांनीच १९४६ मध्ये लुसियानोची शिक्षा कमी केली. त्याची रवानगी इटलीला झाली.