दिवस किती तासांचा? गिरणीच्या भोंग्यापासून पार्सलच्या बेलपर्यंत

आधी परवाची एक गोष्ट सांगते, मग आपण थेट १८८४ सालात जाऊ.

मी शीव कोळीवाड्यात राहते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. रात्री पावणेअकराला बेल वाजली. दारात पार्सलवाला दादा, घामाघूम. ओटीपी सांगता सांगता मी सहज विचारलं, "दादा, सकाळी कधी निघालात?"

"साडेआठला, ताई. अजून सात पार्सलं राहिलीत."

"मग ओव्हरटाइम मिळत असेल ना?"

तो हसला. "कसला ओव्हरटाइम? आमचं पार्सलवर असतं."

तो गेला, पण ते हसू डोक्यातून जाईना. ओव्हरटाइम म्हणजे ठरलेल्या वेळेच्या वरचा वेळ. ज्याच्या कामाला वेळच ठरलेली नाही, त्याला 'वरचा' म्हणून काय मिळणार? म्हणून आजचा प्रश्न : कामाचा दिवस किती तासांचा, हे ठरवतं कोण?

आमच्या कोळीवाड्यात पूर्वी ते भरती-ओहोटी ठरवायची. पण शीवहून सेंट्रल लाइननं तिसरं स्टेशन परळ. तिथल्या गिरण्यांत दिवस ठरायचा सूर्यावर. उजाडलं की मशीन सुरू, अंधारलं की बंद. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. आणि आठवड्याची हक्काची सुट्टी? नव्हतीच.

इथे येतात नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक. स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेलं, त्यामुळे आतली परिस्थिती डोळ्यांनी बघितलेली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या नावानं एक अर्ज तयार झाला. मागण्या ऐका : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालं तर बरं होईपर्यंत पगार.

अर्ध्या तासासाठी अर्ज, मंडळी! पाच मिनिटं खाली उतरून चहा प्यायला ॲप बंद करावं लागणाऱ्या दादाला ही मागणी जुनी वाटेल का?

मालकांनी लगेच ऐकलं नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघानं आठवड्याची सुट्टी मान्य केली. आपला रविवार असा आलाय.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. आता अंधार पडला तरी मशीन थांबायचं कारण उरलं नाही. १९०५ च्या आसपास काही गिरण्यांत दिवस पंधरा तासांवर गेला आणि कामगार रस्त्यावर उतरले. हा मुद्दा लक्षात ठेवा. तंत्रज्ञान आलं आणि कामाचा दिवस लांबला, हे मोबाइलच्याही आधी घडलेलं आहे.

मग मर्यादा कशी आली? कायद्यानं, तीही पायरीपायरीनं. १९११ मध्ये कापड गिरणीतल्या पुरुषांना १२ तास. १९२२ मध्ये ११. १९३४ मध्ये १०. १९४६ मध्ये आठवड्याला ४८ तास झाले. त्या दुरुस्तीचं विधेयक आणलं तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं दिवसाला ९ तास आणि जादा कामाला दुप्पट दर पक्का केला. १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगारांसाठी वेगळा कायदा आला : ८ तास, वर गेलं तर दुप्पट.

ही पायरी उलटीही चढता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, पण रोजचा आकडा परत १९११ चाच.

मग आमच्या दादाला यातलं काहीच का लागू नाही? कारण हे सगळे कायदे 'मालक कोण?' या प्रश्नापासून सुरू होतात, आणि ॲप म्हणतं, आम्ही मालक नाही, हे आमचे पार्टनर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची व्याख्या आली, कंपन्यांनी त्यांच्या कल्याणासाठी पैसे भरायची तरतूदही आली. पण त्यात तासांची मर्यादा नाही.

तिकडे अमेरिकेत यूपीएसचे पार्सल ड्रायव्हर पगारी नोकर आहेत आणि टीमस्टर्स युनियनमध्ये आहेत. त्यांच्या २०२३ च्या करारानं सुट्टीच्या दिवशी सक्तीचा ओव्हरटाइम बंद केला. काम तेच, खोके तेच. फरक एवढाच की तिथे मालक कोण, हे कागदावर आहे.

"मालकच एक नाही, मग काय करणार?" असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्याच मुंबईतलं उत्तर द्या : माथाडी. हमालाचा मालक सकाळी एक, दुपारी दुसरा. तरी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंद बोर्डाकडे. मालक कुणीही असो, त्यानं मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांना हे मिळू शकलं, तर पाठीवर पिशवी घेऊन जिने चढणाऱ्यांना का नाही?

सूर्यानं, दिव्यानं किंवा ॲपनं दिवस आपणहून कधी आखूड केला नाही. तो माणसांनी एकत्र येऊन मागितला, तेव्हाच झाला.

आता तुमची पाळी. तुमच्या घरात गिरणीत किंवा माथाडीत काम केलेलं कुणी असेल, तर त्यांना विचारा : तुमचा दिवस किती तासांचा होता? आणि पुढच्या वेळी बेल वाजली की पार्सलवाल्या दादालाही विचारा. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहून आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!