शाळेची सहल गोठ्यावर : जपानमधील 'शिकवणारे शेतकरी'



आपल्यापैकी अनेकांची मुले जपानी शाळांत शिकतात. तिसरीच्या शाकाई (समाज) विषयात परिसरातील शेती किंवा कारखान्यांतील काम येते आणि पाचवीत देशातील भातशेती. त्यामुळे एखाद्या दिवशी दप्तरातून शेताच्या किंवा गोठ्याच्या सहलीची चिठ्ठी घरी येऊ शकते. तिच्यावर सही करण्यापूर्वी उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

पार्श्वभूमी

१९९८ साली दूध उत्पादकांच्या मध्यवर्ती संस्थेच्या (चुओ राकुनो काइगी) पुढाकाराने 'राकुनो क्योइकु फार्म', म्हणजे शैक्षणिक गोठा, या उपक्रमासाठी समिती स्थापन झाली. २००२ पासून शाळांत 'सर्वांगीण अभ्यासाचा तास' आला आणि वर्गाबाहेर शिकायला वेळ मिळाला. २००५ मध्ये शोकुइकु (आहारशिक्षण) कायदा झाला. २००८ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांना खेड्यात मुक्कामाला नेण्याची सरकारी योजनाही सुरू झाली.

शेतकऱ्याचे प्रशिक्षण

गाय उत्तम सांभाळणाऱ्याला तीस मुले सांभाळता येतीलच असे नाही. म्हणून या उपक्रमात गोठ्याला वेगळे आणि शिकवणाऱ्या माणसाला वेगळे प्रमाणपत्र असते, आणि त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यातील मुख्य बाबी अशा :

- सुरक्षितता : मुलांचे छोटे गट पाडणे, गाईच्या मागे कोणालाही उभे राहू न देणे, ट्रॅक्टर व यंत्रांपासून मुलांना दूर ठेवणे.
- स्वच्छता : गोठ्यात शिरताना बूट निर्जंतुक करणे, जनावराला हात लावल्यावर आणि खाण्यापूर्वी साबणाने हात धुणे. १९९६ साली साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ओ-१५७ जिवाणूची लागण होऊन हजारो मुले आजारी पडली होती. हा जिवाणू धडधाकट गाईच्या आतड्यातही असू शकतो.
- शिकवणे : शिक्षकांशी आधी बोलून सहलीचा हेतू ठरवणे. भाषण कमी, अनुभव जास्त. मुले धार काढतात, स्टेथोस्कोपने गाईच्या हृदयाचे ठोके ऐकतात. गाईचे अंग सुमारे ३८.५ अंश, म्हणजे आपल्यापेक्षा गरम असते, हे हाताला कळते ते पुस्तकातून कळत नाही.

'अन्न आणि जीव'

या सहलींचा गाभा आहे अन्न आणि जीव यांचे नाते. वासरू झाल्याशिवाय गाय दूध देत नाही, इथून गोष्ट सुरू होते. नर वासराचे काय होते, दूध आटल्यावर गाय कुठे जाते, असे मुलांनी विचारले तर प्रशिक्षित शेतकरी सरळ उत्तर देतो : ती मांसासाठी जातात. म्हणूनच जेवणाआधी 'इतादाकिमासु' म्हणायचे, असे तो समजावतो.

आपल्या घरांत, विशेषतः शाकाहारी घरांत, मुले हे ऐकून गोंधळतात. तेव्हा सहलीच्या आदल्या रात्रीच मुलांशी बोलून ठेवावे. घरी आल्यावर विषय टाळू नये आणि त्या शेतकऱ्याला निर्दयही ठरवू नये. आपण का खात नाही आणि ते का खातात, हे शांतपणे सांगायला याहून चांगली वेळ नाही.

भारतातून परतल्यावर विशेष काळजी

२०१० मध्ये मियाझाकी प्रांतात लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि सुमारे २ लाख ९० हजार जनावरे मारावी लागली. भारतात हा रोग अजून आहे. माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही, पण बुटांवरून, कपड्यांवरून त्याचा विषाणू दूरवर जाऊ शकतो. म्हणून :

१. परदेशातून येऊन आठवडा झाला नसेल तर जनावरांच्या आवारात सहसा प्रवेश मिळत नाही. सुट्टीनंतर लगेच सहल असेल तर शिक्षकांना आधीच कळवा.
२. गेल्या चार महिन्यांत भारतात वापरलेले कपडे व बूट गोठ्यावर घालून पाठवू नका.
३. गावी आजोळच्या गोठ्यात गेला असाल, तर जपानच्या विमानतळावर पशु-क्वारंटाइनच्या खिडकीवर तसे सांगा.

मुलाला दुधाची किंवा जनावरांच्या केसांची अ‍ॅलर्जी असल्यास, अथवा तो काही पदार्थ खात नसल्यास, चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. शेतकऱ्याचे प्रमाणपत्र आणि विमा यांबद्दल शाळेला विचारण्यात संकोच नको.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रातही २००५ पासून बारामती परिसरात कृषी पर्यटनाचे संघटित काम सुरू झाले आणि २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. गावी शेती असलेल्या आणि असे काही करू पाहणाऱ्या वाचकांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे : हुरडा, झोका आणि बैलगाडी यांची हौस सर्वांना असते, पण शाळेची मुले बोलवायची तर आधी हात धुण्याचे नळ आणि शिकवायला तयार झालेला माणूस हवा.

आपल्या मुलांच्या सहलीचे अनुभव आम्हाला जरूर कळवा!