गोठ्यातील वैद्यक

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांस हळद व तूप चोळण्याची, म्हणजेच खांदेमळणीची, रीत आपल्या बहुतेक ज्ञातिबांधवांस ठाऊक आहे. जुवाखाली वर्षभर घासलेल्या खांद्यावरील तो उपचारच होय; फक्त त्याने सणाचा वेष धारण केला आहे.

आपल्या देशात पशुचिकित्सेची परंपरा फार जुनी आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा, तसेच औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणून लावल्याचा उल्लेख आहे. शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यक, तर पालकाप्याच्या नावावर गजायुर्वेद प्रसिद्ध आहे. परंतु घोडा व हत्ती ही राजांची वाहने. कुणब्याच्या बैलाविषयी अग्निपुराणातील गवायुर्वेदासारखे थोडके लेखन सोडल्यास ग्रंथकारांनी फारशी आस्था दाखविलेली दिसत नाही. ती विद्या गुराख्यांच्या व घरच्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणातच राहिली.

त्या विद्येचे स्वरूप पाहावे. जनावराचे पोट फुगले की ओवा, हिंग व पादेलोण गोड्या तेलात कालवून बांबूच्या नळकांड्याने पाजीत. तेलाने पोटातील फेस मोडतो व कोंडलेला वायू मोकळा होतो. जंतांवर पळसपापडी देत. पळसाच्या बियांतील जंतनाशक द्रव्य पुढे रसायनशास्त्रानेही ओळखले. मोडलेल्या पायावर हाडसांधीचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधीत. खरजेस करंजेल व जखम धुण्यास कडुनिंबाच्या पाल्याचा काढा वापरीत.

तथापि पूर्वजांच्या गौरवात सत्याचा विसर पडू नये. बुळकांडीच्या साथीपुढे हा झाडपाला हतबल ठरला; एकेका साथीत गोठेच्या गोठे रिकामे होत. मुंबईस १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली व १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. १९५४ साली बुळकांडी निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. अखेर लसीच्या बळावर भारत २००६ साली व सर्व जग २०११ साली या रोगापासून मुक्त झाले. घटसर्प व फऱ्या यांवरही वेळीच टोचलेली लस हाच खरा आधार होय.

पण लस आली म्हणून घरची विद्या गेली, असे नव्हे. १८७८ च्या कायद्याने रानावर सरकारी बंधने वाढली. गायराने जंगलखात्याकडे गेल्याचे दुःख महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात मांडले. चराऊ रान आटले तशी झाडाझुडपांची ओळख आटली. पुढे बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, आणि ज्यांस ते सारे मुखोद्गत होते ती पिढी आपल्यातून निघून जात आहे.

यास्तव प्रत्येक कुटुंबाने घरच्या वृद्धांजवळ, विशेषतः आजीजवळ, बसून एक वही लिहावी. वनस्पतीचे गावचे नाव, तिचा कोणता भाग, कोणत्या रोगावर, किती प्रमाणात, हे तर लिहावेच. शिवाय गुण केव्हा आला नाही व धोका कशात आहे तेही लिहावे. सीताफळाच्या बियांची पूड गोचीड मारते, पण डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस इजा करते. अशी अर्धी माहिती घातकच. ती वही पशुवैद्यास दाखवावी, म्हणजे निवड होईल. मुक्या जनावरांच्या कष्टावर ज्या घरांचे अन्न पिकले, त्या घरांनी इतके ऋण तरी फेडावे.